सेटमधले सर्वांत लहान वजन किती?

ईदनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मोहल्ल्यात कुरिअरवाले एक विशिष्ट खोके घेऊन येतात. खोके लहान, पण उचलताना त्यांच्या कमरेत कळ येते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, '२० किलो होम जिम'. आत प्लास्टिकच्या काळ्या प्लेटा, दोन आखूड रॉड, कधी एक लांब वाकडा रॉड, आणि फुकट म्हणून हातमोजे, उडीची दोरी व हाताची पकड वाढवायची स्प्रिंग. मागवणारा बहुधा सतरा ते बावीस वर्षांचा मुलगा असतो आणि पैसे अब्बांनी दिलेले असतात. तीन महिन्यांनी त्या घरी जाऊन पाहावे. रॉड पलंगाखाली गेलेले असतात, एक प्लेट कूलरच्या स्टँडला टेकू म्हणून लागलेली असते आणि दुसरी लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलेली असते.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या जिल्ह्याला कुणी चिकटवली ठाऊक नाही, पण व्यायामाचे सामान आपण नेमके त्याच वृत्तीने घेतो. जमले तर जमले. पैसे मात्र गेलेले असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे 'आपल्याच्याने हे होत नाही' असा समज घरात कायमचा बसतो.

माझे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला कधी कधी विचारतात, "सर, कोणता सेट घ्यावा?" मी भाषेचा शिक्षक, व्यायामाचा नाही. तरीही या प्रश्नावर माझे एक ठाम मत आहे. एकूण किती किलोचा सेट आहे हे विचारू नका. त्यातले सर्वांत लहान वजन किती, हे विचारा. आणि सेट घरातल्या सर्वांत धडधाकट मुलाकडे पाहून निवडू नका. सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून निवडा. मुलगा कुठेही जाऊन वजने उचलू शकतो. त्याची आई आणि दादी कुठे जाणार?

तालीम या शब्दाचे दोन अर्थ

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना काही शब्द वर्गात हमखास हशा पिकवतात. 'तालीम' हा त्यातला एक. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरातली मुले 'तालमीत जातो' म्हणतात तेव्हा ती शाळेत जात नसतात. पण मूळ अरबी अर्थ शिकवण्याचाच आहे, आणि मराठीने तो सोडलेला नाही. जिथे शरीराला शिकवले जाते ती तालीम. तिथे शिकवणारा वस्ताद, म्हणजे फारसीतला उस्ताद. जोर काढायचे त्यातला 'जोर' फारसी आणि 'वजन' अरबी. मुद्गल मात्र संस्कृतातून आलेला. महाराष्ट्रातल्या व्यायामाची भाषा अशी सगळ्यांनी मिळून घडवलेली आहे.

ती नुसती भाषेतच मिळून घडलेली नाही. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांचे नाव जुन्या व्यायामप्रेमींना माहीत असते. त्यांचे वस्ताद होते जुम्मादादा, आणि माणिकरावांनी नावारूपाला आणलेली संस्था आजही बडोद्यात श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून ओळखली जाते. शिष्य मोठा झाला आणि संस्थेवर नाव गुरूचे राहिले. त्याच बडोद्याहून द. चिं. मजुमदारांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. म्हणजे वजन कसे उचलावे याचे शिक्षण आपल्या भाषेला नवे नाही.

उर्दू शायरीत 'वज़न' म्हणजे वृत्ताचे माप. एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी मिसरा वज़नातून जातो. नवशिक्या शायराला उस्ताद आधी लहान, सोप्या बहरमध्ये लिहायला लावतात. व्यायामाच्या वजनाचेही तसेच आहे. आधी माप नीट सांभाळायचे, मग वाढवायचे.

गरज कुणाला जास्त आहे?

तरुण मुलाला दंड फुगवायचे असतात. त्यात गैर काही नाही. त्या वयात आरसा हा मोठा मित्र असतो. पण वजनांची खरी गरज घरात दुसऱ्याच कुणाला तरी असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. दोघेही सडपातळ दिसतात. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे हे त्या एका चित्राने जगाला कळले.

याचा मधुमेहाशी थेट संबंध आहे. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. स्नायू कमी आणि तेही न वापरलेले असतील, तर ती साखर रक्तातच फिरत राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीने देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला. आपल्या ओळखीतल्या दहा घरांची नावे घ्या आणि किती घरांत साखरेच्या गोळ्या आहेत ते मोजा. हे आकडे मग दूरचे वाटणार नाहीत.

दुसरी गोष्ट मशिदीत दिसते. मी लहान होतो तेव्हा शेवटच्या सफीत एखादी खुर्ची असे, अगदी वृद्ध माणसासाठी. आता खुर्च्यांची रांगच असते आणि त्यांवर बसणारे सगळे काही सत्तरीचे नसतात. पन्नाशीतले, बाकी हिंडते-फिरते लोक गुडघ्यामुळे सजदा करू शकत नाहीत. घरात नमाज पढणाऱ्या बायकांचीही हीच तक्रार आहे. ती मशिदीत दिसत नाही म्हणून मोजली जात नाही, एवढेच. मंदिरात, भजनात, लग्नाच्या पंगतीत खाली बसू न शकणाऱ्यांचीही गत तीच. गुडघ्याची झीज हे एक कारण आहे. पण गुडघ्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायू खंगणे हेही तितकेच मोठे कारण आहे, आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. गुडघेदुखीच्या उपचारात मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आज पहिल्या पायऱ्यांवर धरला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत. हे बहुतेकांना माहीत असते, म्हणून पहाटे रस्त्यावर चालणारे दिसतात. त्याच सूचनांतले पुढचे वाक्य कुणी वाचत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तोल व ताकद दोन्ही सुधारणारा व्यायाम किमान तीन दिवस करावा, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे म्हाताऱ्यांना जास्त सांगितला आहे, कमी नाही.

"बाई घरात एवढे काम करते, तिला वजने कशाला?"

हा प्रश्न मला पुरुषांनीच विचारला आहे. भरलेल्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीचे स्वतःचे वजन धरले तर आकडा तीस किलोच्या आसपास जातो. ती टाकी दारातून ओट्यापर्यंत बहुधा बाईच सरकवते. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. कडेवरचे मूल दहा-बारा किलोचे. ज्या हातांनी हे सगळे उचलले जाते ते हात दोन किलोच्या डंबेलला नाजूक ठरतात, ही गंमतच आहे.

पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात वजन कधी, किती आणि कसे उचलायचे हे तुम्ही ठरवत नाही. बादली रोज तेवढीच असते, ती रोज त्याच हाताने, तशीच वाकून उचलली जाते, आणि कंबर दुखत असली तरी उचलावीच लागते. व्यायामात वजन तुमच्या ताकदीप्रमाणे निवडता येते, हळूहळू वाढवता येते, दोन्ही बाजूंना सारखे वापरता येते आणि मध्ये विश्रांती घेता येते. शरीर घडते ते यामुळे. नुसत्या कष्टाने ते झिजतेही. तसे नसते तर आयुष्यभर शेतात राबलेल्या आपल्या आज्या साठीत वाकल्या नसत्या.

वजने उचलून बाई पुरुषासारखी दिसू लागेल ही भीतीही निराधार आहे. पुरुषांचे स्नायू फुगतात त्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा हात असतो आणि बायकांच्या शरीरात ते फारच थोडे असते. बायकांना मिळते ते बळ. मासिक पाळी थांबल्यावर हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हे बळ फार उपयोगी पडते.

आमच्याकडे लहान गावांत जिम आहेत, पण त्या मुलांच्या. कुठे बायकांसाठी वेगळी वेळ असते, तर ती नेमकी स्वयंपाकाची असते. फी, अंतर, लोकांच्या नजरा आणि घरच्यांची नाराजी या सगळ्यांतून वाट काढून रोज जाणे किती जणींना जमणार? पडदा हे त्यातले एकच कारण आहे, आणि पडदा न पाळणाऱ्या शेजारणींचीही अडचण वेगळी नाही. म्हणून घरातला सेट महत्त्वाचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. 'घरात सेट आणून दिला, आता बाहेर कशाला?' असे म्हणण्यासाठी कुणी माझा हा लेख वापरू नये. मैदानावर चालण्याचा, धावण्याचा हक्क वेगळा आणि घरातले डंबेल वेगळे. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना चार किलोचा गोळा फेकावा लागतो आणि मुलांना ७.२६० किलोचा. ती तयारी चार भिंतींत होत नाही.

वाण्याच्या मापांचे गणित

आता मुख्य मुद्दा. वजनाचा व्यायाम एका साध्या नियमावर चालतो. आज जेवढे जेमतेम झेपते त्याची शरीराला सवय झाली की थोडे वाढवायचे. या 'थोडे' शब्दातच सगळे आहे. साधारण दोन ते दहा टक्के वाढ शहाणपणाची मानतात. वीस किलो उचलणाऱ्याला एक किलो वाढवणे म्हणजे पाच टक्के. दोन किलो उचलणाऱ्या आईला तोच एक किलो म्हणजे पन्नास टक्के. म्हणून जितका माणूस अशक्त, तितकी पायरी लहान हवी. बाजारातले सेट नेमके उलटे बनवलेले असतात.

समजा, 'वीस किलो'च्या खोक्यात दोन किलोच्या चार आणि तीन किलोच्या चार प्लेटा आहेत. डंबेलचा रॉड दीड किलोचा धरू. प्लेट दोन्ही टोकांना सारखी लावावी लागते. मग एका डंबेलचे वजन किती होऊ शकते? रिकामा रॉड दीड किलो. त्यानंतर एकदम साडेपाच. मग साडेसात आणि शेवटी साडेअकरा. चारच पायऱ्या, आणि पहिलीच पायरी जवळपास चौपट उंच. साठ वर्षांची बाई या जिन्यावर कशी चढणार? ती एकदा प्रयत्न करते, खांदा दुखतो आणि सेट पलंगाखाली जातो. दोष सेटचा असतो, पण बोल तिच्या वयाला लावला जातो.

आता दुसरा सेट घेऊ. अर्धा किलोच्या चार, एक किलोच्या चार आणि दोन किलोच्या चार प्लेटा. एकूण चौदाच किलो, म्हणजे पहिल्यापेक्षा सहा किलो कमी. पण यातून एका डंबेलला दीड, अडीच, साडेतीन असे करत एकेका किलोने साडेआठपर्यंत जाता येते. आठ पायऱ्या, सगळ्या सारख्या. पुढे घरातल्या मुलाला जास्त लागले तर तीन किलोच्या चार प्लेटा वेगळ्या घ्या. मग त्याच एक किलोच्या पायरीने साडेचौदापर्यंत पोचता येते.

ही युक्ती माझी नाही. जुन्या वाण्याची आहे. दशमान पद्धत येण्याआधी त्याच्याकडे छटाक, अदपाव, पाव, अच्छेर आणि शेर अशी मापे असत. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. सोळा छटाकांचा एक शेर. एवढ्या पाच मापांत तो छटाकाच्या हिशेबाने दोन शेरांच्या आतले कोणतेही वजन करून देई. दुकानात नुसती शेराचीच मापे ठेवली असती, तर पावशेर हळद घेणारे गिऱ्हाईक परत गेले असते. आपण व्यायामाचे दुकान तसेच मांडतो आणि घरातले गिऱ्हाईक परत जाते.

एका किलोची किंमत काय असते हे सांगलीच्या संकेत सरगरला विचारावे. वडिलांच्या पानटपरीवर हात लावत मोठा झालेला हा मुलगा २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. त्याने ११३ आणि १३५ असे मिळून २४८ किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात कोपराला दुखापत झाली, तरी तो तिसऱ्याला उभा राहिला. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूला गेले. त्याची बेरीज होती २४९. त्या पातळीवरही वजन एकेका किलोने वाढते आणि त्यासाठी अर्धा किलोच्या चकत्या असतात. आपल्या घरच्या दादीला मात्र आपण एकदम चार किलोची उडी मारायला सांगतो.

दुकानात अर्धा किलोच्या प्लेटा दर्शनी भागात मांडलेल्या नसतात. मागून घ्याव्या लागतात. नाहीच मिळाल्या तर मनगटाला बांधायचे अर्धा किलोचे पट्टे मिळतात, त्यांनीही पायरी लहान करता येते.

घेताना काय पाहावे

प्लेटा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. सर्वांत स्वस्त म्हणजे बाहेर प्लास्टिक आणि आत सिमेंट-वाळूचा भराव. या गंजत नाहीत, आवाज कमी करतात आणि लहान वजनांसाठी चालतात. पण हातातून पडल्या की तडकतात आणि भुकटी गळू लागते. शिवाय त्या जाड असतात, त्यामुळे आखूड रॉडच्या टोकाला दोन-तीनच बसतात. वर सांगितलेले गणित जमवायचे तर टोकाला जागा पुरेल का, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या प्लेटा येतात. महाग पडतात, पण पातळ असतात, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि शेवटी भंगारातही दाम देतात. पावसाळ्यात त्यांना तेलाचा हात फिरवावा लागतो. तिसऱ्या रबर चढवलेल्या; चांगल्या असतात, पण घरच्या वापराला एवढा खर्च करण्याची गरज नाही. माझा कल बिडाच्या प्लेटांकडे आहे. बंद पडणाऱ्या जिममधून त्या जुन्या, किलोच्या भावाने मिळाल्या तर उत्तमच.

प्लेटचे भोक रॉडला जुळते का ते पाहा. घरगुती रॉडला साधारण एक इंचाच्या थोडे वर भोक लागते; स्पर्धेच्या पद्धतीच्या बारला दोन इंचांचे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. डंबेलसाठी आट्यांचा रॉड आणि फिरवून घट्ट करायचा नट घ्यावा, आत रबरी वायसर असलेला. नुसत्या स्प्रिंगच्या चापावर डंबेल तिरके होताच प्लेट सरकते आणि पायावर येते. रॉडची पकड खरखरीत असावी, पण हात सोलणारी नसावी.

आणि प्लेटा तोलून घ्या. किराणा दुकानातल्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो; व्यायामाच्या प्लेटांवर तसा नसतो. माझ्या एका सहकाऱ्याने शहरातल्या एका दुकानातून आणलेली पाच किलोची जोडी मोंढ्यातल्या काट्यावर ठेवली, तेव्हा एक प्लेट चार किलो सहाशे ग्रॅम भरली आणि दुसरी पाचच्या थोडी वर. एकूण थोडे कमी भरले याने व्यायामाचे नुकसान होत नाही, पैशाचे होते. पण उजवे-डावे असमान असेल तर रॉड एका बाजूला कलतो आणि मनगट, खांदा त्याची भरपाई करत राहतात. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरहच आहे, हे आपल्या दुकानदारांना नव्याने सांगायला नको. गिऱ्हाइकाने काट्याकडे जायला मात्र लाजू नये.

हातमोजे, स्प्रिंग, पट्टा, पावडरचा डबा हे सगळे सोडून द्या. विशेषतः पावडरीचा डबा. मुले प्रोटीनच्या नावाखाली काय खातात आणि पुढे कोणत्या सुयांपर्यंत जातात यावर वेगळा लेख लिहावा लागेल. डाळ, दही, अंडी, शेंगदाणे, जमेल तेव्हा मटण-मासळी, यांवर घरच्या सेटचा व्यायाम आरामात होतो.

आधी बाटल्या, मग प्लेटा

माझा सल्ला असा की पहिले आठ आठवडे काहीच विकत घेऊ नका. लिटरभर पाण्याची बाटली एक किलोची. तीच कोरड्या वाळूने भरली तर दीड किलोच्या आसपास जाते. दप्तरात पुस्तके किंवा ज्वारी भरा, पाठीला वजन झाले. आठ आठवडे आठवड्यातून दोन दिवस एवढे टिकले, तर सेट घ्या. तो पलंगाखाली जाणार नाही. नाही टिकले, तर पैसे वाचले.

करायचे काय? हालचाली पाचच आहेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. जमेल तसे पुढे छातीशी वजन धरून. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे. वजन खांद्यापासून वर ढकलणे. वाकून वजन पोटाकडे ओढणे. आणि दोन्ही हातांत वजन घेऊन घरातल्या घरात चालणे. पहिल्या चार हालचाली प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती. चालणे मिनिटभर, तेही दोनदा. शेवटचे दोन-तीन जड वाटावेत, पण हालचाल बिघडू नये. लागोपाठ दोन दिवस बारा-बारा सहज झाले की सर्वांत लहान प्लेट वाढवायची. वहीत तारीख, वजन आणि संख्या लिहायची. वही शिक्षकाची सवय म्हणून सांगत नाही. वहीतली चढती ओळ पाहूनच पन्नाशीच्या माणसाला पुढच्या आठवड्यात उठावेसे वाटते.

काही पथ्ये आहेत. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला झालेला त्रास, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी करू नका. रमजानात इफ्तारनंतर थोड्या वेळाने, हलके करा. उचलताना श्वास कोंडून धरू नका, जोर लावताना सोडा. शहाबादी फरशीवर जुनी गादी किंवा गोणपाट घाला. वजने लहान मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. आणि परभणीच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेला लोखंडी रॉड दुपारी हातात धरवत नाही. पहाटेची वेळ सगळ्यांत बरी.

चार घरांचा एक सेट

पैशाचा प्रश्न उरतोच. रोजंदारीच्या घरात सेटसाठी पैसे काढणे सोपे नाही. पण आठवड्यात दिवस सात आहेत आणि एका घराला दोनच दिवस लागतात. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एक बिडाचा सेट घ्यायला काय हरकत आहे? लग्नातले मोठे पातेले आपण एकमेकांकडून नेतोच. महिला बचत गट शिवणयंत्र घेतात, तसे हेही घेता येईल. मोहल्ल्यातल्या वाचनालयाला जोडून एक कपाट ठेवले, वहीत नोंद करून प्लेटा पुस्तकांसारख्या घरी दिल्या, तर ते खऱ्या अर्थाने तालीमखाना होईल, दोन्ही भाषांतल्या अर्थांनी. नगरपालिकांनी बागांत बसवलेली व्यायामयंत्रे चांगली आहेत, पण त्यातल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवायची सोय नसते, आणि ती बाग आमच्या बायकांच्या वाटेवर नसते.

मुलांनी दंड जरूर कमवावेत. अब्बांनी पैसे द्यावेत. फक्त ऑर्डर देण्याआधी एकदा अम्मीला विचारावे की तिला खाली बसून उठताना काय धरावे लागते. पलंगाचा कठडा, दाराची चौकट की मुलाचा हात? मग दुकानदाराला फोन लावून विचारावे, तुमच्याकडे अर्धा किलोच्या प्लेटा आहेत का?